गावातल्या सोसायटीची आयडिया ज्या जर्मन माणसाची, त्याला ती सुचायला १५ वर्षं लागली

मे महिना संपत आला की गावातल्या सोसायटीच्या ऑफिसपुढं गर्दी वाढते. खरीप तोंडावर असतो. कुणाला पीककर्ज हवं असतं, कुणी जामीनदार शोधत असतो, तर कुणी मागची थकबाकी कशी भरायची या विचारात असतो. बोर्डावर विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी असं लांबलचक नाव असतं, पण गावात तिला सगळे नुसतं सोसायटीच म्हणतात.

या सोसायटीच्या निवडणुकीवरून गावात दोन गट पडतात, भावाभावांत बोलणं बंद होतं. पण काही साधे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. शहरात एवढ्या मोठ्या बँका असताना कर्जासाठी गावोगाव वेगळी संस्था का काढली? सभासद झाल्याशिवाय कर्ज का मिळत नाही? जामीनदार ओळखीचाच का लागतो? गावात सोसायटी, वर जिल्हा बँक आणि त्याच्यावर राज्य बँक ही उतरंड आली कुठून?

या प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की गाडी थेट जर्मनीत जाऊन थांबते. १९ व्या शतकात तिथल्या डोंगराळ भागात एक माणूस गावांचा कारभार बघत होता. त्याचं नाव फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन.

ना तो अर्थशास्त्रज्ञ होता ना बँकवाला. त्याचं कॉलेजही झालेलं नव्हतं आणि पुढं पुढं तर त्याला धड दिसतही नव्हतं. तरी आज ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या बँका त्याच्या नावानं चालतात आणि नेदरलँड्सच्या राबोबँकेच्या नावातलं पहिलं अक्षर त्याचं आहे. भारतात तर त्याच्या विचारावर अख्खा कायदा उभा राहिला.

लष्करात जायचं होतं, पण डोळ्यांनी दगा दिला

रायफायझनचा जन्म ३० मार्च १८१८ चा. गाव हाम, झीग नदीच्या काठावरचं. हा भाग वेस्टरवाल्ड म्हणून ओळखला जातो. जंगल, चढउतार, हलकी जमीन आणि कडाक्याची थंडी. शेतीचे तुकडे इतके छोटे की एखादं पीक हातचं गेलं तर वर्षाचं गणित बसत नसे.

नऊ भावंडांत हा सातवा. वडील काही काळ गावचे महापौर होते, पण पुढं घराची घडी विस्कटली आणि सगळा भार आईवर आला. पोराला कॉलेजात पाठवायला पैसे नव्हते. गावच्या चर्चमधल्या धर्मगुरूंनी त्याला शिकवलं. देवाधर्माची ओढ त्याला इथूनच लागली, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

१७ व्या वर्षी तो प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाला. हुशार होता, वर चढला असता. पण डोळ्यांचा आजार बळावला आणि १८४३ मध्ये लष्कर सोडावं लागलं. मग तो सरकारी नोकरीत शिरला आणि १८४५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, वायरबुश नावाच्या भागाचा महापौर झाला. त्याच वर्षी रेमागेनच्या एमिली स्टॉर्क यांच्याशी लग्नही झालं.

महापौर म्हटलं की आपल्यापुढं महापालिका उभी राहते. इथं तसं काही नव्हतं. वीसेक खेडी, चिखलाचे रस्ते आणि पडक्या शाळा. सरपंच आणि मामलेदार यांच्या मधलं काहीतरी काम समजा.

दुष्काळात भाकरी उधार दिली

कामाला लागून वर्ष होतंय तोवर संकट आलं. युरोपभर बटाट्यावर रोग पसरला होता. आयर्लंडमध्ये ज्या रोगानं लाखो लोक मेले तोच हा. त्यात धान्याचं पीकही बुडालं. १८४६-४७ चा हिवाळा वेस्टरवाल्डमध्ये भुकेचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो.

सरकारनं मदत म्हणून पीठ पाठवलं, पण सोबत अट घातली. पीठ रोख पैसे देणाऱ्यालाच विकायचं. आता ज्याच्याकडं रोख पैसे आहेत तो कशाला उपाशी राहील? पीठ होतं, भूकही होती, आणि मधे सरकारी कागद आडवा आला होता.

रायफायझन यांनी ही अट बाजूला ठेवली. गावातल्या खात्यापित्या लोकांना गोळा केलं, त्यांच्याकडून पैसे उभे केले आणि गरिबांना उधारीवर द्यायला सुरुवात केली. सामुदायिक भट्टी बांधली आणि तिथं पाव भाजून बाजारापेक्षा बराच स्वस्त विकला. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं पुढं फेडायचं कबूल करायचं. पेरणीसाठी बटाट्याचं बियाणंही असंच पुरवलं. या संस्थेचं नाव होतं ब्रेड सोसायटी.

हिवाळा सरला, लोक जगले आणि बहुतेकांनी उधारीही फेडली. गरिबाला कर्ज दिलं तर तो बुडवतोच, हा समज निदान इथं तरी खोटा ठरला. रायफायझन यांच्या डोक्यात ही गोष्ट पक्की बसली.

गाय गोठ्यात, पण मालकी दुसऱ्याची

१८४८ मध्ये त्यांची बदली शेजारच्या फ्लामर्सफेल्डला झाली. इथं दुष्काळ ओसरला होता, पण सावकारी जोरात होती.

ती कशी चालायची हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजवायची गरज नाही. त्या भागात छोट्या शेतकऱ्याची सगळी मदार गाईवर. दूध तिचं, खत तिचं, वेळ पडली तर गाडी आणि नांगर ओढायलाही तीच. पण गाय घ्यायला रोकड नसायची. मग गुरांचा व्यापारी यायचा आणि गाय आणून गोठ्यात बांधायचा. मालकी त्याचीच राहायची. आपल्याकडं अर्धलीनं जनावर पाळायला देतात, तसाच काहीसा व्यवहार. चारापाणी शेतकऱ्यानं करायचं आणि वासरू झालं की त्यात व्यापाऱ्याचा वाटा. गाय अंगावर आली, चांगली दूध देऊ लागली की व्यापारी ती सोडवून न्यायचा आणि जागेवर दुसरी हाडकुळी गाय आणून बांधायचा.

उधारीवर गाय विकत घेतली तरी सुटका नव्हती. भाव जादा, त्यात व्याज, एखादा हप्ता चुकला की नवा कागद. कागदावर कागद चढत शेवटी जमिनीच्या तुकड्यावर लिलाव यायचा.

१८४९ च्या अखेरीला रायफायझन यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मदत संस्था काढली. भागातले साठ सधन लोक सभासद झाले. त्यांनी आपल्या मालमत्तेची हमी दिली आणि त्या हमीवर पैसे उभे राहिले. संस्था गाय विकत घ्यायची, गरिबाला द्यायची आणि तिची किंमत त्यानं पाच वर्षांच्या हप्त्यांत फेडायची. पुढं रोख कर्जही देऊ लागले.

आजच्या भाषेत हे मायक्रोफायनान्सच. रक्कम छोटी, तारण काही नाही, हप्ते परवडतील असे आणि कर्ज कमाईच्या कामासाठी. गाय घरात आली की तिच्या दुधातूनच हप्ता निघतो, हा त्यामागचा हिशोब.

सगळं चांगलं चाललं होतं, मग घोळ कुठं झाला?

१८५२ मध्ये ते ऱ्हाइन नदीकाठच्या नॉयवीड शहराजवळ, हेडेसडॉर्फचे महापौर झाले. तिथं १८५४ मध्ये तिसरी संस्था काढली, आणि हिचा पसारा आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा होता. अनाथ मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, गावात वाचनालय आणि जोडीला शेतकऱ्यांना गाई आणि कर्ज, असं सगळं एकाच संस्थेकडून.

काही वर्षांतच हा डोलारा डगमगायला लागला. एकेक काम बंद पडत गेलं, शेवटी कर्जवाटप तेवढं उरलं, आणि तेही ओढूनताणून.

कारण सरळ होतं. संस्था सधन लोकांच्या जिवावर चालली होती. जोखीम त्यांची आणि फायदा दुसऱ्याचा. पहिली एकदोन वर्षं उत्साह असतो. मग हमी देणारा विचार करायला लागतो की दुसऱ्याच्या गाईसाठी आपली जमीन का अडकवायची? एकानं अंग काढलं की दुसरा काढतो. इकडं कर्ज घेणाऱ्यालाही संस्था आपली वाटत नाही. ती मोठ्या लोकांची, त्यांच्या दयेवर चाललेली. बुडाली तर बुडाली.

रायफायझन यांना हे मान्य करणं जड गेलं. श्रीमंतानं गरिबाला हात द्यावा हे त्यांच्यासाठी धर्माचं काम होतं, आणि त्यांचा सगळा डाव त्यावर मांडलेला होता. त्याच काळात शुल्त्झ-डेलिच नावाचे दुसरे एक जर्मन गृहस्थ शहरातल्या कारागिरांसाठी पतसंस्था काढत होते. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. दानधर्म टिकत नाही, ज्याला कर्ज हवं त्यानंच संस्थेचा मालक व्हावं. रायफायझन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला, स्वतःच्या संस्थांचे हिशोब तपासले आणि आपलं चुकलं हे कबूल केलं.

१८६२ मध्ये आनहाउझेन आणि आसपासच्या गावांत नव्या पद्धतीच्या संस्था निघाल्या आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फची जुनी संस्था मोडून तिची कर्ज संस्था झाली. नियम बदलला होता. ज्याला कर्ज हवं त्यानं सभासद व्हायचं आणि सगळ्यांच्या कर्जाची जबाबदारी सगळ्यांनी घ्यायची.

१८४९ ला पहिली गाय वाटली, १८६४ ला ही गोष्ट नियमात उतरली. मधे गेली १५ वर्षं.

तारण नाही, तर मग भरवसा कशावर?

त्यांच्या पद्धतीचं डोकं इथं आहे.

समजा, एका गावात ८० घरं आहेत. कुणाकडं एक गाय, कुणाकडं जमिनीचा तुकडा, कुणी लोहार तर कुणी सुतार. यातला एकटा माणूस शहरातल्या बँकेत गेला तर त्याला कुणी उभं करणार नाही. बँकेला तो कोण हे माहीत नाही, एवढ्याशा कर्जासाठी चौकशी करायला गावात माणूस पाठवणं परवडत नाही, आणि बुडालं तर वसूल करायला काही हाती लागत नाही.

पण हेच ८० जण एका कागदावर सही करतात. एकाचं कर्ज थकलं तर बाकीचे भरतील, प्रत्येकजण आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी बांधील. याला अमर्याद जबाबदारी म्हणतात. आता बँकेपुढं एक गरीब नाही, अख्खं गाव उभं आहे. एकेकाची पत शून्य, पण सगळ्यांची मिळून कर्ज मिळण्याइतकी. गावातली थोडीफार शिल्लक ठेव म्हणून याच संस्थेत येते, कमी पडलं तर बाहेरून घेता येतं.

आणि आता खरी मजा. शेजाऱ्याचं कर्ज आपल्या अंगावर येणार म्हटल्यावर प्रत्येकाचे डोळे उघडे राहतात. कोण कष्टाळू, कोण पिणारा, कुणाची गाय आजारी, कोण गाईच्या नावानं कर्ज काढून लग्नात उडवणार, हे शहरातल्या साहेबाला कधीच कळत नाही. पारावर बसलेल्यांना ते आधीच माहीत असतं. चौकशीचा खर्च शून्य.

म्हणून रायफायझन यांचा पहिला नियम होता की संस्थेचं क्षेत्र छोटं ठेवायचं. एक गाव, फार तर शेजारची एखाददुसरी वाडी. सगळे सगळ्यांना ओळखतील एवढंच.

बाकीचे नियम त्यातूनच आले. कर्ज फक्त सभासदाला. कर्ज कशासाठी ते सांगायचं, आणि त्याच कामाला वापरायचं. शेतीला कमाई यायला वेळ लागतो म्हणून मुदत लांब. संचालकांनी काम फुकट करायचं, पगार फक्त हिशोब ठेवणाऱ्याला. नफा झाला तर वाटायचा नाही, तो संस्थेच्या राखीव निधीत टाकायचा आणि तो निधी कुणालाच फोडता येणार नाही. म्हणजे वाईट वर्ष आलं तर पहिला धक्का निधी खाणार, सभासदाचं घर नाही.

घर कोसळलं, नजर गेली, पण काम थांबलं नाही

संस्थांची ही नवी घडी बसत होती तेव्हाच त्यांचं स्वतःचं घर मोडत होतं. १८६३ मध्ये पत्नी एमिली वारल्या. घरात मुलं होती. रायफायझन स्वतःही मोठ्या आजारातून उठले होते आणि नजर झपाट्यानं कमी होत होती. १८६५ मध्ये, वय ४७ असताना, सरकारनं त्यांना निवृत्त केलं.

पेन्शन इतकी तुटपुंजी की घर चालेना. त्यांनी आधी सिगारचा छोटा कारखाना काढला, मग वाइनचा धंदा केला. म्हणजे ज्या माणसानं गावोगाव पतसंस्था काढल्या, त्याला पोटासाठी धंदा करावा लागत होता. त्यांच्या संस्थांत संचालकाला मोबदला नव्हता आणि हा नियम त्यांनीच केलेला होता.

१८६६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. गावात कर्ज संस्था कशी काढायची, नियम कसे लिहायचे, हिशोब कसे ठेवायचे, याची ती हातात धरून चालता येईल अशी पुस्तिकाच होती. त्यांच्या हयातीत तिच्या पाच आवृत्त्या निघाल्या. गावोगावचे धर्मगुरू आणि शिक्षक ती वाचून संस्था काढायला लागले.

पण लिहायला त्यांना डोळेच नव्हते. ते सांगायचे आणि थोरली मुलगी अमाली लिहायची. पत्रं, नियमावल्या, हिशोबाचे नमुने, सगळं तिच्या हातचं. पुढं १८६८ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं, तरी कामाचा भार अमालीवरच राहिला. तिनं लग्न केलं नाही. वडिलांच्या नावानं उभ्या राहिलेल्या या कामात तिचं आयुष्य गेलं, आणि तिचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

दोन सहकारवाल्यांचं भांडण

संस्था वाढल्या तसा नवा प्रश्न आला. एका गावात पैसा पडून, तर दुसऱ्या गावात टंचाई. पाऊस झोडपून गेला की अख्ख्या गावाला एकदमच कर्ज लागतं. यावर उपाय म्हणून १८७२ मध्ये नॉयवीडला गावांच्या संस्थांची मिळून एक मध्यवर्ती बँक निघाली. आपली जिल्हा बँक आणि राज्य बँक ज्या कल्पनेवर उभी आहे, ती हीच.

इथं शुल्त्झ-डेलिच खवळले. त्यांच्याकडून रायफायझन शिकले होते, पण आता दोघे समोरासमोर आले. शुल्त्झ यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. लोकांच्या ठेवी कधीही परत मागता येतात आणि कर्ज मात्र वर्षानुवर्षांच्या मुदतीनं देता, एक दिवस सगळे ठेवीदार दारात आले तर काय करणार? शेअर भांडवल नाही, डिव्हिडंड नाही, ही कसली बँक? वर आधीच अमर्याद जबाबदारी घेतलेल्या संस्थांनी पुन्हा मध्यवर्ती बँकेत तशीच जबाबदारी घेतलेली.

रायफायझन यांचं उत्तर शेतीतून आलं होतं. कारागीर महिन्यात माल विकून पैसे मोकळे करतो. गाईला तेवढा वेळ पुरत नाही. तीन महिन्यांत परत मागितलेलं कर्ज शेतकऱ्याला पुन्हा सावकाराच्या दारात नेतं. आणि डिव्हिडंड वाटायला लागलो की ज्यांना कर्ज नको, फक्त नफा हवा, असे लोक संस्था ताब्यात घेतात.

प्रकरण संसदेपर्यंत गेलं. शेवटी १८७६ मध्ये जुनी रचना गुंडाळून मध्यवर्ती संस्था कंपनीच्या स्वरूपात नव्यानं उभी करावी लागली, आणि गावच्या संस्थांनाही शेअर ठेवावे लागले. रायफायझन यांनी कायदा पाळला, पण शेअरची रक्कम नावापुरती ठेवली.

एक बाजू जी झाकून चालत नाही

रायफायझन यांचे पुतळे झाले, पण त्यांच्या लिखाणात एक काळी बाजूही आहे. त्या भागातले गुरांचे बरेच व्यापारी ज्यू होते. सावकारीविरुद्ध लिहिताना रायफायझन अनेकदा व्यवहाराला दोष द्यायचा सोडून अख्ख्या समाजाला दोष देतात. ज्यू लोकांबद्दलचा हा आकस तेव्हाच्या जर्मनीत सर्रास होता, आणि पुढं त्याचं काय झालं ते जगानं पाहिलं. अलीकडं जर्मन इतिहासकारांनी ही बाजू उघडपणे मांडली आहे.

खरं तर त्यांच्याच कामानं या आकसाला उत्तर दिलं होतं. सावकारी कुणाच्या जातीधर्मातून येत नव्हती. गरिबाला कर्जाचा दुसरा दरवाजाच नव्हता, आणि तो उघडला की सावकाराचा जोर आपोआप कमी होत होता.

११ मार्च १८८८ ला हेडेसडॉर्फमध्ये रायफायझन वारले. सत्तरी पूर्ण व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते. तेव्हा त्यांच्या संघटनेत चारशेच्या वर संस्था होत्या. पुढं हा आकडा हजारोंत गेला आणि लोण ऑस्ट्रिया, इटली, नेदरलँड्स, तिथून कॅनडापर्यंत पोचलं.

मग हा विचार आपल्याकडं कसा आला?

तिकडं नॉयवीडच्या बँकेवरून वाद पेटला होता, त्याच काळात इकडं दख्खन पेटलं होतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढच्या दिवसांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावं पेटली. या दंग्यात लोकांचा सगळा रोख कर्जरोख्यांवर होता. कागद सापडले की होळी. ज्या कागदांनी वेस्टरवाल्डचा शेतकरी नागवला होता, तसलेच हे कागद.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकारावर थोडा लगाम आला, पण शेतकऱ्याला कर्ज देणारा दुसरा कुणी उभा राहिला नाही. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी त्यावर शेतकी बँकेची योजना मांडली. सुरुवात पुरंदर तालुक्यातून करायची असं ठरत होतं. इथल्या सरकारनं होकार दिला, पण लंडनहून मंजुरी आली नाही.

१८९२ मध्ये मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकोल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतकी बँकांचा अभ्यास करायला लावलं. १८९५ आणि १८९७ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल दोन भागांत आला. एवढी पानं लिहून तो ज्या निष्कर्षाला आला तो अगदी छोटा होता. भारतानं आपला रायफायझन शोधावा. बँकेच्या इमारतीपेक्षा गावात उभा राहणारा तसा माणूस जास्त गरजेचा आहे, असा त्याचा रोख होता.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यात रायफायझन पानोपानी दिसतात. गावापुरतं क्षेत्र, कर्ज फक्त सभासदाला, ग्रामीण संस्थेला अमर्याद जबाबदारी आणि नफा राखीव निधीत. १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, आजच्या कर्नाटकातल्या गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्दनगौडा पाटील यांनी पतसंस्था काढली. देशातली ती पहिली मानली जाते. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकारानं मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच.

पण एक फरक मोठा होता. जर्मनीत संस्था गावातून वर गेली, इथं बऱ्याच ठिकाणी ती सरकारी रजिस्ट्रारकडून खाली आली. कायदा आला, नियम आले, शिक्के आले. संस्था आपली आहे आणि शेजाऱ्याचं कर्ज आपल्या अंगावर आहे, ही भावना मात्र आदेशानं आणता येत नव्हती. १९५४ मध्ये रिझर्व्ह बँकेचा ग्रामीण पतपुरवठ्याचा मोठा पाहणी अहवाल आला, त्या समितीत धनंजयराव गाडगीळही होते. कायद्याला ५० वर्षं झाल्यावर शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा निघाला ३.१ टक्के. सावकारांचा सुमारे ७० टक्के. त्यानंतर सरकारनं भागभांडवल घातलं, जाळं वाढलं आणि अमर्याद जबाबदारीही मागं पडली. संस्था मोठ्या झाल्या, पण हेडेसडॉर्फला जे घडलं होतं ते दुसऱ्या रूपात परत आलं. तेव्हा संस्था श्रीमंतांची वाटायची, आता सरकारची वाटायला लागली. आणि जे आपलं वाटत नाही ते बुडालं तरी फारसं दुखत नाही.

आज गटाची जामिनकी आहे, पण मालक कोण?

१९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला. गल्लीतल्या दहा-पंधरा बाया दर महिन्याला थोडे पैसे काढतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. कुणाला शेळी, कुणाला शिलाई मशीन, कुणाला पापड-कुरडयांचं सामान. कुणाला किती द्यायचं हे त्याच ठरवतात, कारण कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना ठाऊक असतं. यातल्या बहुतेकींनी रायफायझनचं नाव ऐकलेलं नसेल, पण त्यांचा नियम त्या अचूक पाळतात.

खासगी मायक्रोफायनान्स कंपन्याही गटाच्या हमीवरच कर्ज देतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव येतो. म्हणजे रायफायझनच्या पद्धतीतला अर्धा भाग उचललेला आहे. जबाबदारी गटाची, पण कर्जाचा दर ठरवणारा, नफा नेणारा आणि नियम करणारा गटाच्या बाहेरचा. हप्त्याच्या दिवशी शेजारणीच्या दारात बसून वसुलीला मदत करायची, पण त्या कंपनीत आपला आवाज काही नाही.

रायफायझन यांनी ही दोन टोकं एकत्र बांधली होती. जो शेजाऱ्याची जोखीम घेतो त्याचीच संस्था, आणि नफाही त्याच्याच गावात राहणार. यातलं एक टोक सुटलं की काय होतं हे त्यांनी १५ वर्षं स्वतःच्या संस्थांत पाहिलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आली की ती घडी घालून खिशात टाकण्याआधी एकदा वाचायला हरकत नाही. सभेत गर्दी कर्जमंजुरीच्या विषयाला होते, ताळेबंदाच्या विषयाला खुर्च्या रिकाम्या असतात. पण कर्ज घेणारा आणि मालक हा एकच माणूस आहे की दोन, हे त्या ताळेबंदाच्या वेळीच कळतं.